डबल बेल

त्याला पायलट म्हणणारा माणूस जगात एकच होता, आणि तो म्हणजे मास्तर. डेपोत बाकीचे आडनावाने हाक मारत, घरात तो बाबा होता आणि गेल्या वर्षापासून आजोबा. पायलटने एकोणतीस वर्षं बस चालवली. त्यातली बावीस वर्षं त्याच्या मागे कंडक्टर म्हणून मास्तरच उभा होता. लग्नाची बायको त्या बावीस वर्षांत पायलटच्या वाट्याला जेवढी आली नाही तेवढा मास्तर आला, असं खुद्द बायकोच म्हणायची.

ड्रायव्हरने मागे बघायचं नाही आणि कंडक्टरने पुढे बघायचं नाही. दोघांच्या मध्ये एक दोरी आणि तिच्या टोकाला घंटा. एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा. डबल बेल मिळाल्याशिवाय गाडी हलवायची नाही आणि मिळाल्यावर रेंगाळायचं नाही. हा झाला लिहिलेला नियम. न लिहिलेला नियम असा, की गाडीत घडलेलं गाडीतच राहतं. पायलटने एकदा डेपोच्या फाटकाचा खांब घासला, तेव्हा चौकशीत मास्तर शपथेवर म्हणाला, "मी तिकिटं फाडत होतो साहेब, मला काही दिसलं नाही." मास्तर एकदा तिकिटांची पिशवी चहाच्या टपरीवर विसरला, तेव्हा पायलटने भरलेली बस माघारी वळवली आणि उशिराचं कारण पंक्चर लिहिलं. असे दोघे एकमेकांची झाकत आले.

रिटायर झाल्यावर मास्तरची बायको गेली आणि तो रविवारपुरता पायलटच्या घरचा झाला. नात झाली, तिचं गुंडी नाव पडलं, आणि दर रविवारी तळ्याकाठच्या बागेत जायची प्रथाही पडली. मुलाने तीन रांगांची गाडी घेतली होती. गाडी मुलाची, पण स्टिअरिंग बापाचं, यावर कधी चर्चासुद्धा झाली नव्हती. सीटवर पाठीला टेकायला पायलटची जुनी उशी कायमची असायची. निघताना महिनाभराच्या मुक्कामाला चालल्यासारखं सामान: बाबागाडी, लंगोटांची पिशवी, थर्मास, दोन टोप्या आणि त्यातली हमखास एक हरवलेली. मास्तर डिकी लावायचा, पुढे पायलटशेजारी बसायचा, मागे वळून डोकी मोजायचा. "पाच फुल, एक हाफ," असं म्हणून बोटातल्या अंगठीने दारावर दोन टोले द्यायचा. मग गाडी निघायची.

"बाबा, चला ना, कशाला थांबलात?" मुलगा सुरुवातीला विचारायचा.

"बेल नाही मिळाली," पायलट सांगायचा.

तिसऱ्या-चौथ्या रविवारी मुलालाही ते पाठ झालं.

मग तो दिवस आला. बागेत गुंडीने रडून आकाशपाताळ एक केलं. ती झोपायची फक्त चालत्या गाडीत, आणि तेही आजोबा चालवत असतील तर, असं निदान आजोबांचं म्हणणं होतं. म्हणून बाकीच्यांना बाकावर सोडून पायलट आणि मास्तर तिला घेऊन तळ्याभोवती चक्कर मारायला निघाले. अर्ध्या चकरेत ती मागे आपल्या छोट्या सीटमध्ये झोपली. वळणावर डावीकडून सायकलवर एक बाई आली. पायलटला ती दिसलीच नाही. म्हणजे उशिरा दिसली असं नव्हे, मुळीच दिसली नाही. मास्तरने डॅशबोर्डवर हात आपटला. एकच टोला. बावीस वर्षांची सवय. डोळ्यांआधी पाय ब्रेकवर गेला. सायकल हातभर अंतरावरून निघून गेली. गुंडी जागीसुद्धा झाली नाही.

पायलटने गाडी कडेला घेतली.

"डाव्या डोळ्याने धुरकट दिसतंय," पायलट शेवटी म्हणाला. "दोनेक महिने झाले. घरी बोलू नकोस."

"आजवर कधी बोललोय?" मास्तर म्हणाला, आणि त्याने दोन टोले दिले.

पुढच्या रविवारी मुलगा म्हणाला, "बाबा, आज मी चालवतो, तुम्ही गुंडीशी खेळा." त्याच्या पुढच्या रविवारी गाडी गॅरेजला होती. त्यानंतर किल्लीच सापडेना, आणि मग ती मुलाच्याच खिशात सापडली. पायलट भोळा नव्हता, पण माणूस आपल्या घरात किती शंका घेणार? शेवटी एका संध्याकाळी सुनेच्या तोंडून निघून गेलं. गुंडीला भरवता भरवता ती म्हणाली, "बाबा, तुम्ही डोळे तपासून घ्या एकदा. मास्तरकाकांनी सांगितलं म्हणून, नाहीतर त्या सायकलवाल्या बाईचं आम्हाला कळलंही नसतं."

बायको स्वयंपाकघरात होती. तिने नळ सोडला आणि बंदच केला नाही. म्हणजे तिलाही ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं आणि महिनाभर सगळे मूग गिळून बसले होते.

पायलटला घरच्यांचा राग आला, पण तो वरवरचा. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला बोलणार? मास्तरचं मात्र आतपर्यंत गेलं. परक्याने पाठीत वार केला तर माणूस निदान वळून बघतो. इथे पाठ ज्याच्या भरवशावर बावीस वर्षं सोडली, त्यानेच केसाने गळा कापला होता.

दुसऱ्या दिवशी तो मास्तरच्या खोलीवर गेला. मास्तर शर्टाचं बटण लावत बसला होता. त्याने सुई खाली ठेवली, चहाचं विचारलं नाही.

"सांगितलंस," पायलट म्हणाला.

"सांगितलं."

"खांबाच्या वेळी साहेबासमोर नाही बोललास."

"तो खांब होता."

"आणि बसमध्ये मागे पन्नास माणसं असायची, त्यात पोरं असायची. तेव्हा तुला काही वाटलं नाही?"

"तेव्हा तुला दिसत होतं," मास्तर म्हणाला.

पायलटचा आवाज चढला. "मला सांगायचंस आधी. माझ्या तोंडावर. मी स्वतः किल्ली दिली असती."

"दिली असतीस?"

पायलट उठून निघून आला. दिली नसती, हे दोघांनाही माहीत होतं.

रविवारी तो जाणारच नव्हता. बायको म्हणाली, "अहो, आमच्यावर रागवा हवं तर. पण गुंडीवर कसला राग?" म्हणून तो मधल्या रांगेत गुंडीशेजारी जाऊन बसला. तिने लगेच त्याचं बोट पकडलं. पुढे मुलगा पायलटच्या उशीला टेकून बसला होता. उशी काढून ठेवायचं त्याला सुचलं नव्हतं. मास्तरने डिकी लावली, मुलाशेजारी बसला, मागे वळला. पायलटची नजर टाळून त्याने डोकी मोजली.

"पाच फुल, एक हाफ."

आणि अंगठीने दारावर दोन टोले दिले. गाडी निघाली.

किल्ली गेली, सीट गेली, उशी गेली, ते सगळं पायलटने गिळलं असतं. पण ती बेल त्याची होती. मास्तरच्या हाताला तेवढं तरी कळायला हवं होतं.

त्याने गुंडीच्या मुठीतून बोट सोडवलं आणि काचेवर एकच टोला मारला.

मुलाला काही उमगलं नाही. मास्तर मागे न बघता म्हणाला, "थांबव. उतरतोय तो."

पायलट उतरला. "अहो, काय झालं? कुठे निघालात?" बायको आतून विचारत होती. त्याने दार लावलं आणि नीट लागलंय का ते एकदा ओढून बघितलं. मग तो गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला. मागचे लाल दिवे पेटलेले होते. मुलाचा पाय ब्रेकवर होता. पायलट वाट बघत राहिला. मास्तरचं दार उघडेल, तो उतरेल, एक शब्द बोलेल, शिवी दिली तरी चालेल, मग आपण परत जाऊन बसू. दार उघडलं नाही.

तेव्हा त्याने डिकीवर तळहाताने दोन टोले दिले.

बेल मिळाली की निघायचं, हे मुलाला त्यानेच शिकवलं होतं. पण असली बेल ऐकायची नसते, हे मास्तरला तरी कळेल अशी त्याची समजूत होती. दिवे विझले. गाडी हळूच पुढे झाली, कोपऱ्यावर वळली आणि दिसेनाशी झाली.

तो घराशी आला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की कुलपाची किल्ली बायकोच्या पर्समध्ये आहे. तो पायरीवर बसला. त्यांना परत यायला संध्याकाळ होणार होती आणि गाडी डावीकडून येणार होती. त्याने इकडेतिकडे बघितलं, रस्त्यावर कुणी नव्हतं. मग तो उजवा डोळा रस्त्याकडे येईल असा वळून बसला.