दुसऱ्याच्या खुणेचे बाण

सरळ्याने जन्मात एक ससाही मारला नव्हता, तरी वस्तीतली जवळजवळ प्रत्येक शिकार त्याच्या नावावर होती.

सरळ्या हे त्याचं टोपणनाव. बाणाची काडी डोळ्यासमोर धरायची, एक डोळा मिटायचा आणि ती कुठे वाकली आहे ते बघायचं, याची त्याला इतकी सवय जडली होती की तो माणसांकडेही तसाच बघे. समोरचा उगाच ताठ उभा राही. झोपडीच्या वळचणीखाली त्याची बैठक होती. तिथे तापवलेला दगड, डिंकाची वाटी, पिसांची परडी आणि पिसं बांधायच्या तातीचा गुंडा घेऊन तो दिवसभर काड्या शेकत बसे. लांबच्या नजरेत मात्र काही राम नव्हता. अंगणापलीकडचं झाड कोणतं आणि सासरा कोणता, हे त्याला दोघांपैकी एक हलल्याशिवाय कळत नसे. त्यामुळे शिकारीला त्याला कोणी बरोबर नेत नसे.

वस्तीचा रिवाज असा होता की शिकार मारणाऱ्याची नाही, ज्याचा बाण त्याची. नेमबाजांच्या डोक्यात हवा जाऊ नये आणि अधू नजरेच्या माणसाची चूल विझू नये, म्हणून कोणा जुन्याजाणत्याने तो घालून दिला असावा. बाण मागून न्यायचे आणि पिसांजवळ कोरलेल्या खुणेवरून मालक ठरवायचा. मालकाने मग आपल्या अंगणात मांस वाटायचं, स्वतःचा वाटा सगळ्यांत शेवटी उचलायचा आणि वर सगळ्यांची बोलणी खायची. कारण वाटा घेताना नाक मुरडणं हीच तिथली सभ्यता. कोणी कौतुक केलं, तर त्याच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे असं समजत.

सरळ्याचे बाण उत्तम, म्हणून सगळे तेच नेत. म्हणून सगळी वाटपं त्याच्याच दारात.

"हे डुक्कर आहे की डुकराची सावली?" थोरली काकू विचारी. ती वस्तीतली सर्वांत म्हातारी. दात एक नाही, जीभ मात्र शाबूत. "आणि मला बरगडी? ती काय कानात घालू?"

"काकू, मागच्या वेळी मऊ दिलं तर म्हणालीस, मला आजारी समजतोस."

"मग? समजत नव्हतास?"

माणसं पांगली की माश्या आणि कुत्री उरत, आणि ती सरळ्याच्या बायकोच्या वाट्याला येत. एका वाटपात कुत्र्याने तिच्या मडक्यात तोंड घातलं, ते मडक्यासकटच पळालं. ती मडक्याच्या मागे गेली, आणि परत आली ती ठरवूनच.

"ऐका. या अंगणात आणखी एक जनावर वाटलं, तर मी भावाकडे जाते. गेले की गेले. त्याच्याकडे किती शांत असतं."

तिचा भाऊ वस्तीतला पहिल्या नंबरचा नेमबाज. पण आळस असा, की त्याची स्वतःची खूण होती, ती कोरायला बाण नव्हता. सरळ्याच्याच बाणांनी तो शिकार करी, आणि त्याचं अंगण कायम स्वच्छ.

सरळ्या घाबरला. बायकोशिवाय त्याला घरातला अंधारही नीट सापडत नसे. त्याने मुद्दाम वाकडे बाण करायला घेतले. हातांना ते सहन होईना, झोपेतही ते काहीतरी सरळ करत. पण त्याने नेटाने जुडी पुरी केली. मेहुण्याने त्यातला एक हरणावर सोडला. बाण हरणाला वळसा घालून झुडपात शिरला, आणि झुडपात कोणाला न दिसलेलं एक डुक्कर होतं.

"भावोजी, हा नवा प्रकार झकास आहे," मेहुणा म्हणाला. "आडोशाचंही मिळतं."

डुक्कर अंगणात आलं, तशी बायको वळकटी घेऊन अंगणातून गेली.

आता आपलं अंगण शांत झालं तरच ती परत येणार, हे सरळ्याला कळलं. त्याने पुन्हा सरळ बाण केले, पण आपल्या खुणेच्या जागी मेहुण्याची फुली कोरली. गर्दी आता दुसरीकडे जाईल याचा त्याला एवढा आनंद झाला, की दुसरीकडे म्हणजे कुठे, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

शिकारी परतले तेव्हा हरणाच्या कुशीत फुलीचा बाण होता.

मेहुण्याने फुलीवरून अंगठा फिरवला. मग त्याची छाती फुगली. "माझाच असणार. कधीतरी केला असेन. लागलाय बघा कसा."

सरळ्या झाडलेल्या अंगणात बायकोची वाट बघत बसला. एक माशी आली आणि काही नाही म्हणून निघून गेली. तेवढ्यात वस्तीच्या त्या टोकाकडून गलका ऐकू आला, तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. तो धावत सुटला.

मेहुण्याने पहिल्यांदा स्वतःचाच वाटा उचलला होता, तोही मोठा. बाकीच्यांना हाताला येईल तो तुकडा. काकूने आपला तुकडा निरखला आणि हळूच म्हणाली, "छान आहे हो."

अंगण चिडीचूप झालं. एवढा अपमान तिथे कोणी कोणाचा केला नव्हता.

सरळ्याच्या बायकोने भावाच्या हातातून सुरी घेतली, त्याचा वाटा ढिगात परत टाकला आणि पहिल्यापासून वाटायला बसली. कोणाला काय द्यायचं, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. सरळ्या गुपचूप रांगेत उभा राहिला. त्याची पाळी आली तेव्हा तिने बाण उचलून उलटसुलट पाहिला.

"माझ्या भावाला काडी आणि काठी यातला फरक कळत नाही. हा डिंक कोणाच्या हातचा?"

सरळ्याने एक डोळा मिटून आभाळ सरळ आहे का ते पाहिलं.

तिने मानेचा तुकडा पुढे केला. सरळ्याच्या हातात आज किती वर्षांनी दुसऱ्याने दिलेला वाटा आला होता.

"एवढंच?" तो म्हणाला. "आणि हे मांस आहे की जुनी चप्पल? असं हरीण मारण्यापेक्षा त्याची माफी मागून परत यायचं."

रांगेतून पसंतीची कुजबुज झाली. बायकोने हसू लपवायला कुत्र्याला हाकललं.

"ताई, हे आता नेहमीचंच?" मेहुण्याने विचारलं. त्याच्या पायाशी तीन कुत्री होती आणि काकू पुन्हा बोलायच्या तयारीत होती.

"एवढे चांगले बाण तुझे. मग काय तर." तिने सुरी त्याच्या हातात ठेवली आणि आतून वळकटी आणली. "चला हो. इथे राहायचं म्हणजे डोक्याला ताप."

वाटेत तिने विचारलं, "किती बाणांवर कोरलीत त्याची खूण?"

"सगळ्या."

तिने वळकटी दुसऱ्या काखेत घेतली.

"मग उद्या रांगेत मी पुढे उभी राहते," ती म्हणाली. "चप्पल काय. तुम्हाला धड नाकही मुरडता येत नाही."