कागदाची धोंडी

आमच्या गावचा पंचाक्षरी जवळच्या मुरुमच्या बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरायचा; पण त्याचा जीव कागदाच्या तुकड्यांत. लग्नपत्रिका, विड्यांची वेष्टनं, खताच्या पिशव्यांवरची चित्रं कातरून तो चिंचोक्याच्या खळीनं चिकटवायचा. त्यातून बैलाच्या तोंडाचा तलाठी निघायचा, पाठीवर विहीर वाहणारी बाई निघायची. मग तेच कागद अंगाला डकवून तो बाजारात मुक्यानं उभा राहायचा. लोक म्हणायचे, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. मीही म्हणायचो. तरी गावच्या विकास सोसायटीतली रद्दी त्याला मीच द्यायचो, कारण मी तिथं कारकून होतो आणि आमच्या गावात माझ्याशी धड बोलणारा तो एकटाच होता.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावची विहीर आटली. ज्याच्या घरी घागरभर पाणी, तो ती कुलपात ठेवू लागला. शेजारणीचं पोर रडलं तर बाया दार लावून घेत. पंचाक्षरीला हे फार लागलं.

पाऊस ताणला की आमच्याकडं धोंडी निघते. एकजण अंगाला लिंबाचा पाला बांधून दारोदार पाणी मागतो, आणि कितीही टंचाई असो, घरची बाई त्याच्या डोक्यावर तांब्या ओततेच.

"म्या कागदाची धोंडी होणार," पंचाक्षरी म्हणाला. "पारावर हुबा राहणार अन् मागणार न्हाय. तोंडाला बी कागद लावायचा. मागितल्यावर कुणीबी देतंय."

"अन् न्हाय दिलं तर? खळ वाळली की आवळती, भर उन्हात."

"सावली पायाशी आली की पार्वती पहिला तांब्या वततीय. एकीनं वतलं की गाव वततंय."

त्याची बायको पार्वतम्मा जवळच बसली होती. तिनं मान डोलावली.

सकाळी मी स्वतः त्याला मढवला. त्या खेपेला रद्दीत देवादिकांची कॅलेंडरंच जास्त होती. छातीवर महादेव बसला, पोटावर नंदी, खांद्यावर लक्ष्मी. डोळ्यांना आणि नाकपुड्यांना तेवढी जागा ठेवली. तोंडावरचा कागद दाबताना त्याचे ओठ बोटांखाली हलले. काहीतरी सांगत असावा. मी कागद नीट बसेपर्यंत दाबून धरला.

गाव जमलं. हसणार, असं मला वाटलं होतं. कुणी हसलं नाही. सोसायटीचे चेअरमन हिंमतराव पुढं आले, त्यांनी छातीवरचा महादेव पाहिला, पायातलं काढलं आणि हात जोडले. मग काय! हळद आली, कुंकू आलं. रेशनची लाल मिलो ज्वारी खाऊन विटलेल्या गावानं घराघरातून मूठ मूठ ज्वारी आणून त्याच्या पायाशी ओतली. नारळ फुटला, आणि त्याचं पाणी लोकांनी तीर्थ म्हणून ओंजळीत घेऊन प्यायलं. पंचाक्षरीच्या पुढ्यात उभं राहून प्यायलं.

सावली पायाशी आली. पार्वतम्मा तांब्या घेऊन गर्दीच्या कडेला उभी होती. मी तिच्याजवळ गेलो.

"वहिनी, वता."

तिची नजर ज्वारीच्या ढिगावर होती. "पोरी आठ दिस उपाशी हायत्या, भावजी. अजून थोडं येऊ द्या."

मला राग यायला हवा होता. आला नाही. हिंमतराव बघत होते, त्यांच्या देखत हा देव नव्हे, माणूस आहे हे सांगायची माझी छाती झाली नाही. कागद आक्रसून त्याच्या कोपरांवर तडकत होता, आणि त्या भोकांतले डोळे आमच्या दोघांकडं लागले होते. अजून थोडं, असं मीही मनात म्हणालो.

तेवढ्यात सरुबाई नदीतल्या झिऱ्यावरून कळशी घेऊन आली. छपन्न साली बौद्ध झाल्यापासून तिनं कुठल्या देवापुढं हात जोडले नव्हते; तिला त्या कागदात देव दिसलाच नाही.

"आवं, माणूस मराया लागलाय!" ती ओरडली.

"देवाला तुझं पाणी?" कुणीतरी आडवं आलं. तिनं त्याला खांद्यानं ढकललं आणि अख्खी कळशी पंचाक्षरीच्या डोक्यावर उपडी केली. तीन कोसांचं पाणी. पंचाक्षरी कोसळला. कागद सोलताना जागोजाग कातडं निघालं.

तो वाचला, सरुबाईच्या घरावर मात्र महिनाभर दगड पडले. पाऊस तिनं बाटवला, असं गाव म्हणत होतं. ती ज्वारी पार्वतम्माच्या पोरींनी खाल्ली.

पुढं अकरा वर्षं तो पाट्या रंगवत राहिला, कात्री मात्र पुन्हा हातात धरली नाही. त्यानं कुणाला जाब विचारला नाही, माझ्याशी बोलणंही सोडलं नाही. पार्वतम्मा रोज जेवताना तांब्या भरून ठेवायची. तो कोरडा घास गिळून उठायचा आणि गावाच्या डोळ्यांदेखत सरुबाईच्या दारात जाऊन पाणी प्यायचा. पार्वतम्मा तांब्या तुळशीत ओतायची. हे मी अकरा वर्षं पाहिलं.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात तो गेला. सरुबाई त्याच्या महिनाभर आधी वारली होती. शेवटचं पाणी घालायला पार्वतम्मा तांब्या घेऊन उशाशी बसली. "घ्या की वो," ती रडत म्हणाली, "आता तरी घ्या."

त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. ओठ घट्ट मिटून घेतले. पाणी हनुवटीवरून उशीत उतरलं. या खेपेला तोंडावर कागद नव्हता.