वाणातला पेन ड्राइव्ह

हळदीकुंकवाचं अत्तर नाकात शिरलं की मला अजूनही तो पेन ड्राइव्ह आठवतो. मुलुंडला आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंनी एका संक्रांतीला वाण म्हणून चक्क पेन ड्राइव्ह लुटले होते, वर एकशे अठ्ठावीस जीबी छापलेले, गुलाबी पुरचुंडीत, अत्तराने माखलेले. बाबा गेल्यावर त्यांचा आवाज फक्त त्यांच्या जुन्या लॅपटॉपमध्ये उरला होता, आणि त्याची डिस्क कटकट वाजायला लागली होती. म्हणून त्या पेन ड्राइव्हवर मी अख्खी डिस्क क्लोन करायला, म्हणजे जशीच्या तशी उतरवायला घेतली. दर वेळी काम मध्येच अडकायचं. पोर्ट बदलला, फॉरमॅट मारला, दुसरं सॉफ्टवेअर लावलं. प्रत्येक खेपेला डिस्क जास्तच कण्हायची. शेवटी पेन ड्राइव्हच तपासला, तर आत जेमतेम आठ जीबी. वरचा आकडा निव्वळ थाप! दुसरा विकत आणेपर्यंत डिस्क कायमची गप्प झाली होती. तणतणत बाईंच्या दारात गेले, तर त्या हसून म्हणाल्या, "अगं, वाण कुणी वापरतं का? ते पुढच्या वर्षी दुसरीला द्यायचं असतं ना!" परवा पलीकडच्या विंगमधल्या एकीने मला कुंकू लावलं, मनगटाला अत्तर चोळलं आणि हातात गुलाबी पुरचुंडी ठेवली. आत तसलाच पेन ड्राइव्ह होता.