चार नद्यांकाठचे आतोबा

पाच हजार वर्षांपूर्वी वारलेल्या माणसांशी रोज भांडणारा आणि रोज त्यांच्याशी समेट करणारा माणूस जगात एकच असावा, आणि तो सिंगापूरच्या सेंगकांग भागातल्या एका ब्लॉकमध्ये अकराव्या मजल्यावर राहत होता. ते माझे आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान. मला सिंगापूरला नोकरी लागली तेव्हा बाबांनी मला आत्याच्या हवाली केलं आणि दोन वर्षं मी त्यांच्या फ्लॅटमधल्या सगळ्यात लहान खोलीत राहिले. आतोबा एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळायचे, पण ते केवळ पोटासाठी. मनाने ते नाइल, टायग्रिस-युफ्रेटिस, सिंधू आणि चीनची पीत नदी यांच्या काठावर आलटून पालटून मुक्कामाला असत आणि जेवायला तेवढे घरी येत.

मी इंग्रजी माध्यमात शिकलेली. शाळेत या नद्यांवर आम्हाला एक धडा होता. गव्हर्नमेंट, रिलिजन, सोसायटी असे तीन मथळे आणि प्रत्येकाखाली चार-चार ओळी. त्या मी पाठ केल्या, पेपरात लिहिल्या आणि विसरले. पहिल्याच संध्याकाळी आतोबांनी जेवताना विचारलं, सिंधूकाठी राज्य कोणाचं होतं, सांग बरं. मला मथळ्याखालची एक ओळ आठवली. मी म्हणाले, पुरोहित-राजाचं. आतोबांनी हातातला घास ताटात परत ठेवला. आत्याने माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं आणि आमटीवर झाकण घातलं.

मोहेंजोदडोच्या ज्या पुतळ्याला हे नाव दिलंय, त्या एका पुतळ्यावर ते पाऊण तास बोलले. "दाढी नीट कातरलेली, खांद्यावर नक्षीची शाल, डोळे अर्धवट मिटलेले. एवढ्यावरून राजा? आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसलेले निम्मे पुरुष असेच दिसतात." त्यांचं म्हणणं असं की तिथे राजवाडा सापडलेला नाही, राजाची कबर सापडलेली नाही, सापडल्या त्या विहिरी, न्हाणीघरं आणि झाकलेली गटारं. राजा असेलही, नसेलही. आपल्याला माहीत नाही. 'आपल्याला माहीत नाही' हे वाक्य ते इतक्या अभिमानाने उच्चारत, की ऐकणाऱ्याला स्वतःला थोडंफार माहीत असल्याची लाज वाटावी.

आमची दोघांची ऑफिसं चांगी बिझनेस पार्कमध्येच, वेगवेगळ्या इमारतींत. त्यामुळे सकाळची बस एकच. मला बसमध्ये गप्प बसायला आवडतं आणि आतोबांना गप्प बसणारा माणूस मिळाला की चारही नद्यांना एकदम पूर येई. त्यांच्या मते जगातलं प्रत्येक ऑफिस मुळात या चार नद्यांपैकी एक असतं. जिथे शंभर माणसं एका साहेबाच्या मोठेपणासाठी दगड ओढतात, ते नाइल. माझ्या ऑफिसात अर्धा दिवस रजा हवी तरी तीन फॉर्म भरावे लागतात, हे ऐकल्यावर त्यांनी लगेच निदान केलं: सुमेर, म्हणजे टायग्रिस-युफ्रेटिसचा काठ. मातीच्या पाटीवर नोंद झाल्याशिवाय बकरीला बकरी न मानणारे लोक. "घाबरू नकोस, स्वभावाने वाईट नसतात," असा धीरही दिला. गंमत म्हणजे त्या दिवसापासून मला आमच्या एचआरच्या बाईंची भीती वाटेनाशी झाली.

देवाधर्माबाबत त्यांचा एक सिद्धांत होता आणि तो मात्र ते हळू आवाजात सांगायचे. नाइलचा पूर ठरल्या वेळी यायचा, म्हणून तिथले देव शांत, पद्धतशीर. टायग्रिसचा कधीही, कसाही यायचा, म्हणून तिथले देव चिडके, आणि माणसं सतत त्यांची मनधरणी करणारी. नदी जशी वागली तसा देव घडला. "आणि सिंधूचे?" असं मी एकदा विचारलं. दोन वर्षांत मी त्यांना विचारलेल्या मोजक्या प्रश्नांपैकी तो एक. ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, त्यांची लिपी वाचता येत नाही गं, पण एवढं स्वच्छ पाणी राखणाऱ्यांना वेगळं देऊळ कशाला लागेल. आत्या पूजा करायची तेव्हा ते मंत्र म्हणायला बसत नसत, पण देवांना आंघोळ घालायचं काम त्यांनी कधी कोणाला दिलं नाही.

सिद्धांत घरात ठेवला असता तर ठीक होतं. एकदा गणपतीला आमच्या ओळखीतल्या दहा-बारा मराठी कुटुंबांचं एकत्र जेवण होतं आणि आत्याने नारळाच्या वड्या केल्या होत्या. मिश्रण थापायला तिने आतोबांना सांगितलं आणि ती नैवेद्याच्या मागे लागली. मोहेंजोदडोच्या विटेची जाडी, रुंदी आणि लांबी यांचं प्रमाण एकास दोनास चार असतं, आणि आतोबांनी फूटपट्टी घेऊन त्याच प्रमाणात वड्या कापल्या. वडी दीड इंच जाड आणि सहा इंच लांब. एक वडी चौघांना पुरून उरेल एवढी, आणि एकालाही चावता येईना. शेवटी मुलांनी त्यांची भिंत बांधली. आत्या दोन दिवस बोलली नाही. आतोबा मात्र भिंतीपाशी उभे राहून प्रत्येकाला दाखवत होते, की बघा, सांध्यावर सांधा कसा येऊ दिला नाही, पोरांना कोणी शिकवलंही नाही.

पुलाउ उबीन बेटावर आम्ही सायकली चालवायला गेलो, तेव्हा जुन्या कंपाँगमधल्या, म्हणजे मलाय खेड्यातल्या, एका घरामागे त्यांना विहीर दिसली. बाकी मंडळी शहाळी पिऊन परतीच्या बोटीच्या रांगेत उभी राहिली तरी हे विहिरीचा काठ पावलांनी मोजत होते. त्यांची मुलगी सई तेव्हा तेरा वर्षांची. ती त्यांना बोलवायला गेली आणि एकटीच परत आली. "ही इज मेकिंग फ्रेंड्स विथ द वेल, लाह," असं तिने खास सिंगापुरी इंग्रजीत जाहीर केलं. सई इथेच जन्मली. मराठी तिला सगळं कळतं. उत्तर मात्र ती इंग्रजीत देते. वडिलांची तिला लाजही वाटायची आणि त्यांच्याशिवाय करमायचंही नाही.

गेल्या सप्टेंबरात एका दुपारी मी कॉफी आणायला खाली उतरले तर आतोबा बिझनेस पार्कमधल्या बाकावर बसलेले दिसले. समोर गटाराची नवीकोरी जाळी होती आणि ते तिच्याकडे पाहत नव्हते, म्हणून मी थांबले. त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या टीमचं काम दुसऱ्या देशात हलवलं जाणार होतं. वर्षाअखेर नोकरी संपणार आणि नोकरीबरोबर इथे राहण्याचा पासही. दुसरीकडे चार महिने प्रयत्न करून झाले होते. पुण्याला परत जायचं ठरलं होतं. आत्याला सगळं माहीत होतं, सईला काहीच नाही. "तिला मी सांगतो. तू काही बोलू नकोस," ते म्हणाले. मला कोणी असं सांगायची खरं तर गरज नसते.

मग रोज रात्रीच्या जेवणाला एक नवीन त्रास सुरू झाला. सईची पुढच्या वर्षीसाठी शाळेच्या नेटबॉल टीममध्ये निवड झाली होती आणि पालकांच्या सहीचा फॉर्म फ्रिजवर लावलेला होता. ती रोज आठवण करायची, आतोबा रोज पेन शोधायचे आणि पेन शोधता शोधता हम्मुराबीपर्यंत पोचायचे. सांगायला ते रोज सुरुवात करत, हे मला आणि आत्याला कळत होतं. आज ते पीत नदीने पात्र कसं बदललं इथून निघत, उद्या उर शहराची जमीन खारी कशी झाली इथून, आणि प्रत्येक वेळी भलत्याच गावी उतरत. आत्या भाजी वाढता वाढता थांबायची, मग पुन्हा वाढायला लागायची. एकदा स्वयंपाकघरात ती मला म्हणाली, की या माणसाला अख्खं शहर बुडालेलं सांगता येतं, आपलं घर हलतंय एवढं सांगता येत नाही.

फॉर्मच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी ते सिंधूवर आले. ती शहरं कोणी जाळली नाहीत, कोणी जिंकली नाहीत, असं त्यांनी सुरू केलं. पाऊस सरकला, एक नदी आटत गेली. मग माणसं निघाली, एकेक घर करून, पूर्वेकडे, जिथे पाऊस होता तिकडे. आरडाओरडा नाही. ज्याचं जमलं तो गेला. आवाज नेहमीचाच होता, पण ते सईकडे बघत नव्हते.

सईने चमचा खाली ठेवला. "ते गेले, तेव्हा त्यांनी मुलांना आधी सांगितलं होतं का?" तिने विचारलं. संपूर्ण मराठीत.

"आपल्याला माहीत नाही" हे वाक्य मी मनात तयार ठेवलं होतं. ते आलं नाही.

"सांगायला हवं होतं," आतोबा म्हणाले.

"कधी जायचं?"

"डिसेंबरात. तुझी शाळा संपली की."

ती फ्रिजपाशी गेली, फॉर्म काढला आणि तो घेऊन तिच्या खोलीत गेली. दार आपटलं नाही. आतोबा उठून दाराबाहेर जमिनीवर बसले. आत्याने मला खुणेने आत जायला सांगितलं, त्यामुळे पुढे काय झालं ते मी पाहिलं नाही. भिंत पातळ होती. आतून सईचे प्रश्न येत होते, पुण्यात शाळा कुठली, तिथे नेटबॉल असतो का, आणि त्यांची उत्तरं एका-एका शब्दाची होती. एवढी लहान उत्तरं मी त्यांच्याकडून कधी ऐकली नव्हती.

आता ते पुण्यात आहेत. तिथे नेटबॉल मिळाला नाही, सई बास्केटबॉल खेळते आणि मला रागाचे इमोजी पाठवते, अलीकडे जरा कमी. मी त्याच ब्लॉकमध्ये दुसऱ्या एका घरात खोली घेतली आहे. सकाळची बस तीच. माझ्या शेजारी कोणीतरी बसतं, कानात इअरफोन घालून, आणि आम्ही दोघंही गप्प असतो. मला हेच आवडतं असं मी दोन वर्षं समजत होते.

गेल्या महिन्यात मला एक शंका आली. ती शहरं एकेक घर करून रिकामी झाली, तर सगळे काही एका दिवशी गेले नसणार. शेजारची गेली तरी कोणीतरी मागे राहिलंच असेल, पाणी भरत असेल, रिकाम्या गल्लीतून कामाला जात असेल. त्यांचं कसं चालत होतं? आतोबा याबद्दल कधी बोलले नव्हते आणि मी कधी विचारलं नव्हतं. दोन दिवस विचार करून मी प्रश्न टाइप केला आणि पाठवला. अर्ध्या तासात सव्वीस मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला.

तो मी बसमध्ये ऐकते, रोज दोनच मिनिटं. अजून आठ शिल्लक आहेत.