ट्रॉलीचा वाकलेला दांडा
जळलेल्या रंगाचा वास आला की पिंपळगावचं आमचं वर्कशॉप आठवतं. ऐन द्राक्षतोडणीत एका शेतकऱ्याच्या ट्रॉलीचा दांडा वाकला होता. वडिलांनी गॅसची ज्योत माझ्या हाती दिली. वरचा रंग जळून वाकाची बाहेरची, फुगीर बाजू लाल होऊ लागली तसा दांडा आणखीच वाकला. "ताई, वाटोळं केलं तुम्ही!" म्हणत शेतकऱ्यानं पाण्याची बादली उचलली. मी आडवी आले. "भाऊ, पाणी मारलं तर तडा जाईल. आपोआप थंड होऊ द्या." निवता निवता लोखंड आखडलं आणि दांडा सरळ होत गेला. वडिलांनी दांड्यालगत दोरी ताणून तो सरळ झालाय का ते बघितलं. कुठल्याही कामाला "आम्ही केलं" म्हणणारे वडील शेतकऱ्याला म्हणाले, "हिनं केलंय." आता वर्कशॉप मीच चालवते, तरी त्या वासानं मान ताठ होते.