तोंडात पाणी धरून भरलेली कॅसेट

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि वाचून झाले की बायकोला म्हणतो, "लोकांना रिकामा वेळ फार." माझी सगळी नोकरी विजेचे मीटर तपासण्यात गेली. काटा हलला तर करंट आहे, नाही हलला तर नाही, इतका सरळ माझा धर्म. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मला हटकून जांभई येते. आजही यात काही फरक पडलेला नाही. तरी हे लिहितोय, कारण बायको म्हणाली, "एकदाचं लिहून टाका, माझं डोकं खाऊ नका."

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. नागपूर. आम्ही तिघं एका कॉलेजातले — मी महालातला, सुभाष धरमपेठेतला डॉक्टरांचा मुलगा, आणि वसंता गोळीबार चौकाकडचा, विणकराच्या घरातला. वसंताचे वडील गेलेले, हातमाग विकून टाकलेला. आई आसपासच्या मागवाल्यांसाठी सुताच्या कांड्या भरून द्यायची, त्यावर घर चालायचं. आमच्या तिघांच्यात काही म्हणजे काही सारखं नव्हतं. एक सोडून — इंग्रजी रॉक! तेव्हाच्या नागपुरात हे खूळ असलेली माणसं शोधून काढावी लागत. माझे वडील त्या संगीताला "भांडी पडली" म्हणत. सुभाषची आई देवघराचं दार लावून घेई. वसंताला तर इंग्रजी गाण्यातलं एक अक्षर कळत नसे, पण ड्रम सुरू झाले की त्याच्या मांड्यांवर त्याचेच हात असे काही चालत की बघत राहावं. तोंडाचा पट्टाही तसाच. अखंड!

एका मे महिन्यात सुभाषचा चुलतभाऊ विलायतेहून आला आणि येताना एक कॅसेट घेऊन आला. आमच्या लाडक्या बँडचा जुना कार्यक्रम, लंडनच्या कुठल्याशा हॉलमधला, आम्ही शाळेत होतो तेव्हाचा. बँडचं नाव सांगत नाही. ज्यांना माहीत आहे ते ओळखतील, आणि ज्यांना नाही त्यांना सांगून उपयोग नाही. भाऊ संध्याकाळी मुंबईला परत जाणार होता, कॅसेटही त्याच्यासोबत. म्हणजे भरून घ्यायला हातात एक दुपार.

आता कॅसेट भरून घेण्याची आमची तेव्हाची रीत ऐका. जोडायची वायर कुणाकडे नव्हती. मग दोन टेप रेकॉर्डर समोरासमोर ठेवायचे — एकावर लावायचं, दुसऱ्यावर भरायचं — आणि दोघांवर मिळून एक रजई टाकायची. खिडक्या बंद. कूलर बंद, कारण तो विमानासारखा घोंघावतो. पंखा बंद. आणि माणसांची तोंडं बंद. नागपूरचा मे आणि वरच्या मजल्यावरची खोली... पुढचं ज्याला कळायचं त्याला कळेल.

पहिला प्रयत्न वसंतानं घालवला. ड्रम वाजायला लागले आणि हा मोठ्यांदा ओरडला, "क्या बात है!" सुभाषचा पारा चढला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पण वसंताला गप्प बसवणार कोण? शेवटी तोडगा निघाला — त्यानं तोंडात पाण्याची चूळ धरून बसायचं. गिळलं गेलं की खुणेनं तांब्या मागायचा, नवी चूळ. घामानं निथळत, गाल फुगवून, मांडीवर मुक्यानं ड्रम वाजवत तो पूर्ण कार्यक्रम बसला होता. हे मुद्दाम सांगतोय. त्या कॅसेटवर वसंताचा आवाज असणं शक्य नव्हतं. त्याच्या तोंडात पाणी होतं.

मग दर रविवारी आम्ही तीच कॅसेट ऐकायचो. त्यात एक जागा होती. लांबलचक ड्रम वाजून झाल्यावर अचानक सगळं थांबतं, हजारो माणसं श्वास रोखून धरतात, दोन-तीन सेकंद काही म्हणजे काही नाही, आणि मग गिटार येते. ती जागा जवळ आली की वसंता हात वर करायचा आणि आम्हीही श्वास धरायचो. त्या तीन सेकंदांत आम्ही लंडनात असायचो, देवाशपथ.

पुढे सुभाषला पुण्याला नोकरी लागली. मी खात्यात चिकटलो. वसंता इतवारीत कापडाच्या दुकानात गाठी उलगडायला लागला. कॅसेट माझ्याकडे आली, आणि रविवारी आम्ही दोघंच ऐकू लागलो. मला खरं तर मित्र फार नव्हते. वसंता होता म्हणून त्यांची कमी कधी जाणवली नाही.

मग त्याला कावीळ झाली. आधी अंगावर काढली, मग एकदम दवाखान्यात. त्याची आई तेव्हा उमरेडला, आजारी बहिणीकडे. निरोप पोचेपर्यंत वेळ गेला. सुभाष पुण्यात. वसंताजवळ मीच होतो. डोळे हळदीसारखे पिवळे झालेले, पण बडबड चालूच. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा येईन म्हटलं तर म्हणाला, "जा ना गा आता. कितीक बसशील? उद्या येजो, आन् येताना टेप आनजो."

सकाळी मी टेप घेऊन गेलो, तर खाट रिकामी होती. दुपारी त्याची आई उमरेडहून पोचली. सुभाष तर तार मिळून आला तेव्हा सगळंच होऊन गेलं होतं.

काही महिने गेले. एका संध्याकाळी मावशी — वसंताच्या आईला मी मावशी म्हणायचो — चालत आमच्या घरी आली. आजवर कधी आली नव्हती. आईनं पाट दिला, चहा दिला. चहा न पिता मला म्हणाली, "तुमच्या त्या टेपमधी आमच्या वसंताचा आवाज असंन ना गा?"

मी म्हटलं, "नाही मावशी. त्यात गाणी आहेत. आम्ही बोलतच नव्हतो."

"खोकलला गिन असंन. हासला असंन."

मी नकारार्थी मान हलवली. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"फोटो हाय माह्याजवळ. तोंड दिसते त्याचं. पण आवाज ध्यानात येऊन नाई राहिला मले. रोज याद करू म्हणते, येतच नाई. उमरेडले गेली तवा झोपून होता तो. मीच उठवलं नाई. म्हटलं झोपू दे लेकराले." आणि मग म्हणाली, "माय असून आवाज इसरली मी त्याचा. असं होते का गा कोणाचं?"

तुम्हाला सांगतो, कोरी कॅसेट तेव्हा इतकी जपून वापरायचो, की स्वतःच्या बडबडीवर ती घालवावी हे डोक्यातही यायचं नाही. कुठल्या इंग्रजांच्या टाळ्या, शिट्ट्या आम्ही रजई पांघरून जपल्या, आणि आमच्यातला जो सगळ्यात जास्त बोलायचा त्याचा एक शब्द आमच्याकडे नव्हता.

तरी मावशी हटेना. एकडाव ऐकव म्हणाली. दिवाळीला सुभाष आला, तेव्हा रविवारी दुपारी आम्ही टेप घेऊन तिच्याकडे गेलो. एक खोली, मागे स्वयंपाकाची जागा. जिथे माग होता तिथे फरशी घातलेली. मावशीनं कांड्या भरायचा चरखा बाजूला सारला, आम्हाला चहा दिला आणि मांडी घालून टेपसमोर बसली, कीर्तनाला बसावं तशी.

गर्दीचा ओरडा सुरू झाला. थोडा वेळ ऐकून म्हणाली, "एवढी मानसं काहून वरडून राहिली?"

"खुशीनं, मावशी."

"लगन हाय का?"

सुभाषला हसू आलं, मलाही. तीही हसली थोडी. मग ती मुकाट ऐकत राहिली. इतकं लक्ष देऊन ते संगीत आमच्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. ती त्यात तिच्या मुलाला शोधत होती. मला ते बघवेना म्हणून मी खाली बघत होतो.

ड्रम झाले. ती जागा आली. सगळं थांबलं. मीही सवयीनं श्वास धरला.

कॅसेटची खरखर... बस्. दुसरं काही नाही.

आणि मावशी बोलली, अगदी रोजच्या आवाजात, "हो रे बाबा. ये."

ती उठली. दारापाशी गेली. दार लोटलं, आतून कडी लावली आणि परत येऊन बसली. भरदुपारी, आम्ही दोघं आत बसलेलो असताना. मला वाटलं, झालं, म्हातारीचं डोकं फिरलं. मी सुभाषकडे बघितलं. त्याच्या हातातली कपबशी तिरपी झाली होती, चहा पँटवर सांडत होता आणि त्याला पत्ता नव्हता. असा पांढराफटक माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

गिटार वाजायला लागली होती. मावशी म्हणाली, "बंद करा आता. झालं माय. आला ध्यानात." तिनं डोळे पुसले, पण चेहरा मोकळा होता. कित्येक महिन्यांत नव्हता इतका.

आम्ही निघालो. कोपऱ्यावर सुभाष थांबला. मग एका बंद दुकानाच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "ऐकलंस ना?"

"काय?"

"मस्करी करू नकोस, मोहन."

"अरे, पण काय?"

"वसंता बोलला. 'येतो वं आई, कडी लावून घेजो.' स्वच्छ. इथं बसून बोलावं तसा... तू ऐकलं नाहीस?"

मी त्याच्यावर चिडलो. म्हातारीचं समाधान करायला तू नाटक केलंस, म्हणालो. तो भांडला नाही. फक्त म्हणाला, "मग तिनं कडी का लावली?"

कडीचं तो पायरीवर बोलला, आणि मावशीनं तर त्याआधीच उठून लावली होती. मधे दोघांचं एक अक्षर बोलणं झालेलं नव्हतं. मी टेपला चिकटून बसलो होतो, दोघांपेक्षा जवळ.

घरी आल्यावर ती जागा आम्ही परत परत लावली. काही नाही. आता सुभाषलाही ऐकू येईना. तो पुण्याला गेला, आणि तेव्हापासून हा विषय काढला की "दुसरं बोल" म्हणतो. परवाही तेच म्हणाला.

माझ्या बुद्धीला पटेल असं मी पुष्कळ शोधलं. पहिल्यांदा वसंता ओरडला होता, त्यावरच आम्ही परत भरलं, मग खालचं थोडं उरलं असेल? पण तो ओरडला होता "क्या बात है". आणि सुभाषच्या खोलीत बसून तो आईला कडी लावायला कशाला सांगेल? दोघांना एकाच क्षणी एकच भास? होत असेल. पण मग मी काय घोडं मारलं होतं?

हेच मी पुढच्या रविवारी मावशीला जाऊन विचारलं. चांगला तिशीकडे झुकलेला माणूस, पण रुसलेल्या पोरासारखा विचारलं, "मावशी, मले काहून नाई आला आवाज?"

चरखा फिरवता फिरवताच ती म्हणाली, "तुह्यासंग बोलून गेल्ता ना तो. आमचंच राह्यलं होतं दोघाचं, माहं आन् सुभाषचं." आणि मग चरखा थांबवून माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तू काहून रडून राहिला गा? चांगलंच झालं ना तुहं."

मावशीनं त्यानंतर टेप कधी मागितली नाही. तीही आता नाही. कॅसेट अजून माझ्याकडे आहे, आवाज दबका झालाय पण वाजते. घरात कोणी नसलं की लावतो. ती जागा आली की श्वास धरतो, या वयातही, डॉक्टर नको म्हणतो तरी. खरखर येते, आणि मग गिटार.

मावशीचं म्हणणं मी कितीदा मनाशी घोळवलं. बरोबर असेल तिचं. माझ्याशी तो शेवटपर्यंत बोलला, हसला, मला घरी जा म्हणाला. माझं काही राहिलं नव्हतं, मान्य. पण पुरलं कुठे होतं? मावशी सोडली तर त्याच्यानंतर इतक्या वर्षांत मला कुणी 'गा' म्हणून हाक मारलेली नाही.

इथे लिहिणारे बहुतेक विचारतात, आम्हाला जे ऐकू आलं ते काय होतं? सुभाषला आणि मावशीला काय ऐकू आलं, याचा छडा लावायचं मी केव्हाच सोडून दिलंय. कुणाला ठाऊक असेल तर मला फक्त इतकं सांगा... त्या दुपारी त्या खोलीत आम्ही तिघं होतो. मला का नाही?