पुठ्ठ्यामागचा फासा

नवरा आयसीयूत होता तेव्हा मी बाहेरच्या बाकड्यावर बसून मोबाइलवर एका अनोळखी परदेशी माणसाशी भांडत होते. विषय काय, तर खेळातल्या पात्रानं मरावं की नाही. तो म्हणत होता, नव्या आवृत्तीचे नियम चांगले आहेत, आता कुणी सहजासहजी मरत नाही. मी त्याला लांबलचक उत्तर लिहिलं. मध्येच नर्सनं औषधांची चिठ्ठी दिली. मी खाली जाऊन औषधं आणली, परत बसले आणि उरलेलं लिहून टाकलं. रडू येत नव्हतं. भीतीसुद्धा नीट वाटत नव्हती. जाऊबाईंनी पाठीवर हात ठेवला, तो हात मला कळला, एवढंच.

खेळ काय ते सांगते, नाहीतर लोकांना वाटतं आम्ही पत्ते कुटतो. टेबलाभोवती बसायचं. एक जण गोष्ट सांगतो, की समोर गुहा आहे, आत राक्षस आहे, आता काय करता? बाकीचे एकेक पात्र घेतात, कुणी जादूगारीण, कुणी चोर, आणि आपण काय करणार ते सांगतात. ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. गोष्ट सांगणाऱ्याला आम्ही मास्तर म्हणतो. राक्षसाचे फासे मास्तर टाकतो, आणि ते एका उभ्या पुठ्ठ्याच्या आड टाकतो. चाळिशी उलटलेली माणसं हे करतात म्हटल्यावर लोक हसतात. हसू देत. आमच्या सोसायटीतली माणसं रविवारी दुपारभर घोरतात, त्यांना कोण हसतं?

इंदिरानगरातल्या आमच्या घरी वर्षानुवर्षं रविवारी हा खेळ चालला. मास्तर म्हणजे माझा नवरा. सातपूरच्या एका कारखान्यात साचे डिझाइन करायचा, आणि राहिलेलं डोकं इथं लावायचा. खेळणारे आम्ही तिघं. मी, एक दातांची डॉक्टर, आणि त्र्यंबकेश्वरला पूजासाहित्याचं दुकान असलेला एक जण, ज्याला आम्ही त्र्यंबकवालाच म्हणतो. पात्रांच्या छोट्या मूर्ती कंपनी विकते, पण त्यांच्या किमती ऐकून त्र्यंबकवाल्यानं दुकानातून मूठभर सुपाऱ्या आणल्या. म्हणाला, "पूजेत सुपारीचा गणपती होतो, मग इथं योद्धा व्हायला काय हरकत आहे?" तेव्हापासून आमची पात्रं सुपाऱ्याच. पात्र मेलं की सुपारी परत डब्यात.

डब्यात फार सुपाऱ्या गेल्या नाहीत, आणि आमचं भांडण तिथंच होतं.

माझं मत पहिल्यापासून स्पष्ट होतं. कंपनी दर थोड्या वर्षांनी नवी आवृत्ती काढते, तेच नियम इकडचे तिकडे करून पुन्हा विकते, आता तर वेबसाइटवर दर महिन्याला भाडं भरा म्हणते. आणि प्रत्येक आवृत्तीत मरण आणखी अवघड करते. का? ज्याचं लाडकं पात्र मेलं तो रुसून घरी बसतो, पुढचं पुस्तक घेत नाही. म्हणून कुणाला मरू द्यायचं नाही. हा धंदा आहे, खेळ नाही. हे मी इंटरनेटवर इतक्या वेळा लिहिलंय की तिथले लोक माझं टोपणनाव दिसलं की पुढे सरकतात.

त्र्यंबकवाला कंपनीची बाजू घ्यायचा. "त्यांचं काय चुकलं, वहिनी? गिऱ्हाईक परत आलं पाहिजे. एकदा येऊन कायमचं सुटलं, तर आम्ही दुकानात माश्या मारायच्या का?"

नवरा मात्र धंद्यावर बोलायचाच नाही. तो म्हणायचा, "माणूस आठवडाभर साहेबाचं ऐकतो, हप्ते भरतो. तो रविवारी माझ्याकडे मरायला येत नाही." आणि हे तो नुसतं म्हणायचा नाही, करायचाही. पुठ्ठ्याआड राक्षसाचा फासा टाकायचा, आकडा बघायचा, चष्मा वर सरकवायचा आणि शांतपणे सांगायचा, "हुकला." चष्मा वर गेला की मला कळायचं, यानं लबाडी केली.

मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये काम करते. तिथं मीटरचा काटा जिथं आहे तिथं आहे. कुणाला बरं वाटावं म्हणून आम्ही तो सरकवत नाही. त्यामुळे ही लबाडी माझ्या डोक्यात जायची. चष्मा वर गेला की मी बोटाच्या पेरानं पुठ्ठ्यावर दोनदा टकटक करायचे. म्हणजे, उचल, दाखव काय पडलंय ते. त्यानं एवढ्या वर्षांत एकदाही उचलला नाही. "झाकली मूठ सव्वा लाखाची," म्हणायचा आणि फासा मुठीत घ्यायचा. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "ताई, वाचलो ना आपण, मग जाऊ दे की." मी जाऊ द्यायचे नाही. पुढच्या वेळी पुन्हा टकटक.

मग त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. घरी आणला तेव्हा त्याच्याकडे एकच शब्द शिल्लक होता, "बरं". भूक लागली तरी बरं, नको असलं तरी बरं, पाय दुखला तरी बरं. मी डॉक्टरांना केबिनबाहेर घेऊन विचारलं, याला कळतं किती? ते म्हणाले, आत्ताच सांगता येणार नाही, हळूहळू दिसेल. जाऊबाई येऊन रोज सांगायच्या, "सगळं कळतं हो त्याला, डोळ्यांत दिसतं." मी त्याच्या डोळ्यांत बघायचे. मला काही दिसायचं नाही. तो टीव्हीकडे बघतो तसा माझ्याकडे बघायचा. मी त्याला अंघोळ घालत होते, भरवत होते, व्यायाम करवून घेत होते, ड्यूटीवर जात होते. कुणी विचारलं तर म्हणायचे, चाललंय. खरंच चाललं होतं, आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. आपलाही एक भाग बधिर झालाय की काय, असं मला वाटायचं. पण माझी तपासणी कोण करणार.

अशातच त्याच्या कारखान्यातून फोन आला. साहेब चांगल्या शब्दांत बोलले. फार दिवस थांबलो, आता त्याच्या जागी माणूस घेतलाय, हिशोब पूर्ण करून देऊ म्हणाले. मी थँक्यू म्हणाले. आत येऊन त्याला सांगितलं, "तुझी रजा वाढवून दिलीय. बरा झालास की कधीही ये म्हणालेत."

तो म्हणाला, "बरं."

मी स्वतःची समजूत घातली. त्याला कळतच नसेल तर ते खोटं कसलं? भिंतीशी बोलल्यासारखं ते. पण त्यानंतर रोज नवं काहीतरी सांगत गेले. कारखान्यातले आठवण काढतात. तुझं टेबल तसंच ठेवलंय. मला कुणी विचारलं नव्हतं, मी आपलं सांगत होते.

रविवारी खेळूया हे त्र्यंबकवाल्यानं काढलं. मी म्हटलं, मास्तर कोण होणार? तो म्हणाला, "तुम्हीच. एवढी वर्षं चुका काढल्यात, आता चालवून दाखवा." मला नाही म्हणायचाही उत्साह नव्हता. डॉक्टरीणबाई येताना ढोकळा घेऊन आल्या. आम्ही नवऱ्याला आधार देत टेबलापाशी आणलं आणि माझ्या नेहमीच्या खुर्चीवर बसवलं. मी त्याच्या खुर्चीत बसले. पुठ्ठा उभा केला. त्यानं जुन्या कॅलेंडरांच्या पाठी एकमेकींना चिकटवून तो केला होता, आतल्या बाजूला त्याच्या अक्षरात नियम लिहिलेले होते.

मास्तरला स्वतःचं पात्र नसतं, पण आमच्या टोळीबरोबर नवऱ्यानं सुरुवातीपासून एक म्हातारा योद्धा ठेवला होता. कुरकुरणारा, हावरट, आणि संकटात सगळ्यांत पुढे. तीच सुपारी मी त्याच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, "हा आज तुझा." तो म्हणाला, "बरं," आणि खिडकीबाहेर बघू लागला.

मी वाईट चालवत होते. गुहेचं वर्णन मी शिफ्टचा रिपोर्ट वाचावा तसं केलं. नवऱ्याची पाळी आली की डॉक्टरीणबाई त्याच्या डाव्या हातात फासा द्यायच्या, तो टाकायचा, फासा कधी टेबलाखाली जायचा, मग त्र्यंबकवाला वाकून शोधायचा. तो खेळतोय की आम्ही त्याला खेळवतोय, मला सांगता आलं नसतं. थोड्या वेळात म्हातारा योद्धा चांगलाच जखमी झाला. आणखी एक वार बसला तर संपला, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. आता राक्षसाची पाळी होती.

मी पुठ्ठ्याआड फासा टाकला. एकोणीस. एकोणीस म्हणजे वार बसणारच, त्यात वाद नाही.

मी म्हणाले, "सहा. हुकला."

आवाज अगदी साधा निघाला. गेल्या काही महिन्यांत चांगला सराव झाला होता. त्र्यंबकवाल्यानं "वाचला बुवा" म्हटलं, डॉक्टरीणबाईंनी ढोकळ्याची ताटली पुढे केली. मी फासा उचलायला हात नेला.

आणि पुठ्ठ्यावर टकटक झाली. दोनदा.

मी वर पाहिलं. नवऱ्याचा डावा हात पुठ्ठ्यापाशी होता, बोट वाकवलेलं. तो माझ्याकडे बघत होता, टीव्हीकडे बघतो तसा नाही. मी हलले नाही म्हणून त्यानं पुन्हा टकटक केली. तशीच, पेरानं, दोनदा. ही टकटक माझी होती. ती मी त्याला एवढी वर्षं ऐकवली होती.

मला आधी आला तो राग. अरे, मी वाचवत होते तुला. किती महिन्यांनी मला त्याचा राग आला, आणि तो आल्याचा मला आनंद झाला. डॉक्टरीणबाईंनी तोंडावर हात ठेवला.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे म्हणायचा हक्क आता मास्तर म्हणून माझा होता. मी तो वापरला नाही. पुठ्ठा उचलून बाजूला ठेवला. त्यानं पुढे वाकून फासा बघितला. मग डाव्या हातानं ती सुपारी धरायला गेला. ती निसटली, घरंगळली, त्यानं पुन्हा धरली. आम्ही मदत केली नाही. त्यानं सुपारी डब्यात टाकली आणि म्हणाला, "बरं."

त्र्यंबकवाला डोळे पुसत म्हणाला, "वहिनी, जिंकलात तुम्ही वादात." मी म्हटलं, "हो ना." त्यांना वाटलं मी खुशीत आहे. मी होतेच. पण मला दुसरंही कळलं होतं, आणि चहा पिऊन ते दोघं जाईपर्यंत मी तेवढ्याचाच विचार करत होते. याला आज माझी लबाडी कळली, म्हणजे बाकीचंही कळलं असणार. रजा वाढवल्याचं, टेबल तसंच ठेवल्याचं. मी रोज चष्मा वर सरकवत होते आणि हा समोर बसून बघत होता.

दार लावून मी त्याच्यासमोर बसले. टेबलावर ढोकळ्याचा चुरा होता, तो हातानं गोळा करत बसले. मग म्हटलं, "तुझी नोकरी गेली. रजा वगैरे काही नाही. तुझ्या जागी दुसरा माणूस घेतला त्यांनी. मला फोन आला होता, मी तुला खोटं सांगितलं."

तो रडायला लागला. झटका आल्यापासून पहिल्यांदाच. तोंड वाकडं होत होतं, आवाज नीट निघत नव्हता, आणि मधूनमधून तो बरं, बरं म्हणत होता. होईल सगळं नीट, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ते बोलले नाही. पदरानं त्याचं नाक पुसलं आणि त्याच्या शेजारी बसून मीही रडले.